पोटमक्तेदाराचे बिल आणि कायदा

जळगावच्या पिंप्राळ्यातल्या नव्या कॉलन्यांमध्ये कुठल्याही चालू बांधकामावर जा. सेंटरिंग एकाचे, सळई बांधणारा दुसरा, विटकाम-प्लास्टर तिसऱ्याकडे, फरशी चौथ्याकडे, लाइट आणि नळफिटिंगची माणसे आणखी वेगळी. घरमालकाने किंवा बिल्डरने करार केलेला असतो तो एकट्या मुख्य मक्तेदाराशी. बाकीच्यांनी त्याच्याकडून पेटीवर काम घेतलेले असते, म्हणजे ते पोटमक्तेदार. त्यांचा व्यवहार बहुधा तोंडी असतो. शेवटचे बिल थकले की कायद्यात आपण कुठे उभे आहोत, हा प्रश्न त्यांना पडतो. तो काम घेण्याआधीच पडायला हवा.

पैसे कोणाकडे मागायचे?

समजा, तुम्ही ८ लाखांचे सेंटरिंगचे काम केले आणि २ लाख अडकले. भारतीय करार कायदा, १८७२ नुसार करारातले हक्क साधारणपणे करार करणाऱ्यांपुरतेच असतात. त्यामुळे स्लॅब तुम्ही टाकला असला तरी इमारतीच्या मालकावर तुमचा थेट दावा सहसा टिकत नाही. दावा काम देणाऱ्या मक्तेदारावरच. अमेरिकेतल्या राज्यांत पैसे न मिळालेल्या पोटमक्तेदाराला त्या इमारतीवर बोजा चढवता येतो. आपल्याकडे तशी सोय नाही.

सरकारी कामात ही अडचण आणखी वाढते. अशा करारांत लेखी परवानगीशिवाय काम दुसऱ्याला देऊ नये अशी अट असते. परवानगी नसेल, तर खात्याच्या कागदांत पोटमक्तेदार कुठेच नसतो. जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात जलजीवन मिशनचे काम केलेल्या एका तरुणाने आत्महत्या केली. बिले थकल्यामुळे हे घडले असे सांगितले गेले, तेव्हा शासनाकडून उत्तर आले की त्याच्या नावावर काम नव्हते आणि बिलही प्रलंबित नव्हते. घाम गाळणाऱ्याचे नाव कागदावर नसणे किती महागात पडते, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार? म्हणून सरकारी कामाची पेटी घेताना परवानगीच्या पत्राची प्रत आधी मागा.

कामाआधीचे एक पान

तोंडी करारही कायद्याने वैध आहे. पण तो सिद्ध करायची वेळ आली की साक्षीदार शोधत फिरावे लागते. म्हणून वर्क ऑर्डर लेखीच घ्या. तिच्यात निदान एवढे हवे: काम नेमके कोणते, दर काय, माल कोणाचा, बिल कधी द्यायचे आणि ते किती दिवसांत चुकते व्हायचे. मोजायची रीत जरूर लिहा. सेंटरिंगमध्ये बीमच्या बाजू आणि छज्जे धरायचे की नुसते स्लॅबचे क्षेत्रफळ, हे आधी ठरले नाही तर वाद ठरलेलाच. अनामत म्हणून बिलातून किती टक्के कापणार आणि ती कोणत्या तारखेला परत देणार, हेही लिहून घ्या.

‘वरून पैसे आले की देऊ’ हे वाक्य मात्र जसेच्या तसे स्वीकारू नका. ब्रिटनमध्ये १९९६ च्या कायद्याने बांधकाम करारांतल्या अशा अटी, वरचा पैसे देणारा दिवाळखोरीत गेल्याचा अपवाद सोडता, निष्प्रभ ठरवल्या. आपल्याकडे तसा कायदा नाही. तेव्हा पुढे जोडा: ‘आले नाहीत तरी बिलापासून ६० दिवसांच्या आत देऊ.’

आगाऊ रक्कम असेल तर ती कशी फिटणार हेही कागदावर हवे. ही सावधगिरी पैसे देणाऱ्यानेही घ्यायची असते. जळगाव नगरपालिकेच्या घरकुल योजनेत मक्तेदाराला दिलेल्या आगाऊ रकमांचा मुद्दा कोर्टात गेला. धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१९ रोजी त्या खटल्यात ४८ जणांना दोषी ठरवले. त्यावर पुढे उच्च न्यायालयात अपिले झाली.

काम चालू असताना

पैसे मोजमापावर मिळतात. टप्पा संपला की दोघांनी मिळून मोजमाप घ्या आणि त्याच दिवशी वहीत सह्या करा. काँक्रीट पडल्यावर आतली सळई कोणाला दाखवणार? जादा काम सांगितले तर निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: ‘आज सांगितल्याप्रमाणे जिन्याचे जादा काम सुरू करतो, दर अमुक.’ असा संदेश पुरावा म्हणून चालतो. कोर्टात मात्र त्याला भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणून जुना फोन विकू नका.

सिमेंट उशिरा आले, नकाशा बदलला, तर त्याच वेळी लेखी मुदतवाढ मागा. उशिराबद्दल करारात दंड लिहिला असला तरी तो आपोआप पूर्ण कापता येत नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा.

पैसे अडल्यावर

आधी हिशेबासह लेखी मागणी पाठवा आणि पोच जपा. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल, तर मुदत कायदा, १९६३ प्रमाणे काम झाल्यापासून ३ वर्षांत दावा लावावा लागतो. ‘दिवाळीनंतर देतो’ या तोंडी आश्वासनाने ही मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी देणेदाराने सही करून थकबाकी लेखी कबूल केली, तर ती नव्याने सुरू होते.

चेक परत आला तर तारखा अधिक कडक आहेत. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवस देणेदाराला, आणि त्यानंतर महिन्याभरात फौजदारी तक्रार.

करारात लवादाची अट असेल तर वाद लवादाकडे जातो. नसेल आणि वाद किमान ३ लाखांचा असेल, तर बांधकाम करार व्यापारी न्यायालयांच्या कायद्यात येतो. तातडीचा आदेश नको असेल तर दाव्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थी सक्तीची आहे. तिला कटकट समजू नका. पुष्कळदा दोघांनाही कोर्टापेक्षा ती स्वस्त पडते.

उद्यम नोंदणी असलेल्या पुरवठादारांना २००६ च्या लघुउद्योग कायद्याने ४५ दिवसांत पैसे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज असे संरक्षण आहे. पण माल आणि मजुरी एकत्र असलेले काम त्यात बसत नाही असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले आहे. या वाटेने जाण्याआधी वकिलाला विचारा.

कागद अगदीच नसले तरी हताश होऊ नका. फुकट करण्याच्या हेतूने न केलेल्या कामाचा लाभ ज्याने घेतला, त्याने मोबदला द्यावा असे करार कायद्याचे कलम ७० सांगते. मक्तेदाराने तुमच्या नावे टीडीएस भरला असेल तर त्याची आयकर खात्यातली नोंदही उपयोगी पडते.

तरीही ही सगळी नंतरची धावपळ आहे. पिंप्राळ्यात उद्या नवे काम घ्याल, तेव्हा पहिला टेकू लावण्याआधी एक पान लिहा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या. जो मक्तेदार सही करायला तयार नाही, त्याचे काम घेऊ नका.