थंडी, रेंज आणि जळगाव रोड

छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूलहून लांबच्या प्रवासाला दोन वाटा आहेत. टी पॉइंटवरून उत्तरेला जळगाव रोड लागतो: फुलंब्री, सिल्लोड, अजिंठ्याचा घाट. नाहीतर सावंगीजवळ समृद्धी महामार्गावर चढायचं. पूर्वेला नागपूर, पश्चिमेला शिर्डी आणि पुढे मुंबई. नाताळची सुट्टी आणि लग्नसराई आली की इलेक्ट्रिक गाडी असलेल्या घरांत एकच प्रश्न निघतो: थंडीत गाडी पोचेल ना?

प्रश्न रास्त आहे. 2010 मध्ये एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेणाऱ्या या शहराने 2022 मध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचीही अशीच एकत्रित मागणी नोंदवली होती. गाड्या आल्या, पण त्यांच्याबद्दलची माहिती अजून बरीचशी ऐकीव आहे.

“थंडीत रेंज निम्मी होते”

हे भय आपल्याकडे मोबाइलवरच्या व्हिडिओंतून आलं. जानेवारी 2024 मध्ये अमेरिकेत शिकागोला चार्जिंग स्टेशनांवर इलेक्ट्रिक गाड्यांच्या रांगा लागल्या आणि काही गाड्या तिथेच बंद पडल्या. ती दृश्यं खरी होती, पण तिथलं तापमान शून्याच्या खाली वीस अंशांच्या आसपास होतं. आपल्या शहरात कडाक्याची थंडी म्हणजे पहाटे आठ-दहा अंश, आणि दुपारी पुन्हा पंचवीसच्या पुढे. निफाडला पारा पाचच्या खाली गेला तरी त्याची बातमी होते.

लिथियम-आयन बॅटरीत विद्युतभारित कण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एका द्रावणातून प्रवास करतात. थंडीत ते द्रावण दाट होतं, कणांची हालचाल मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. शून्याखाली हा परिणाम ठळक असतो, दहा अंशांवर तो थोडकाच. गाडी चालू लागली की बॅटरी स्वतःच्या उष्णतेने कोमट होते आणि उरलासुरला फरकही कमी होतो. नॉर्वेत 2024 साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. तिथली वाहनचालकांची संघटना बर्फात रेंजच्या चाचण्या घेते. त्यांत काही गाड्यांची रेंज तीस टक्क्यांच्या आसपास घटलेली दिसली, आणि तरीही लोक त्याच गाड्यांनी हिवाळाभर फिरतात. फुलंब्रीच्या पहाटेला शिकागोचा नियम लावण्यात काहीच अर्थ नाही.

“कंपनीने सांगितलेला आकडा येत नाही, म्हणजे थंडीनेच खाल्ला”

तो आकडा उन्हाळ्यातही येत नाही. आपल्याकडची जाहीर रेंज ठराविक चाचणीचक्रावर मोजलेली असते. त्यात कमाल वेग ताशी 90 किलोमीटर आणि तोही थोडाच वेळ. बराच वेळ शहरातली सावकाश चाल. 45 युनिटच्या नेक्सॉन ईव्हीची जाहीर रेंज 489 किलोमीटर आहे, पण प्रत्यक्ष वापरात 350 ते 375 मिळेल असं कंपनी स्वतःच सांगते. प्रवासाचं गणित नेहमी या दुसऱ्या आकड्यावर मांडावं, आणि त्यातूनही काही हातचा राखावा.

“समृद्धीवर रस्ता मोकळा, म्हणून गाडी जास्त चालते”

माझ्या मते हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. पेट्रोलच्या गाडीला सिग्नल आणि गर्दी नडते, म्हणून मोकळा रस्ता तिला मानवतो. इलेक्ट्रिक गाडी गर्दीत ब्रेक लावताना वीज परत मिळवते. तिला नडतो तो वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 120 वर गेलात की तो सव्वादोन पट होतो. समृद्धीवर कारला 120 ची परवानगी आहे. त्या वेगाने उंच बांधणीची गाडी दर किलोमीटरला 80 च्या वेगापेक्षा दीडपटीहून अधिक वीज घेते.

थंडीचा हात इथे थोडा लागतो, तोही बॅटरीबाहेर. दहा अंशांवरची हवा चाळीस अंशांवरच्या हवेपेक्षा सुमारे दहा टक्के दाट असते. शिवाय तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब सुमारे एक पीएसआयने उतरतो. मऊ टायर जास्त वीज खातो. ऑक्टोबरच्या दुपारी भरलेली हवा जानेवारीच्या पहाटे पुरेशी असेलच असं नाही.

इथून नागपूर चारशेहून अधिक किलोमीटर आहे. 120 ने पळून वाटेत एक जादा थांबा घेण्यापेक्षा 90 ने जाणं शहाणपणाचं. वेळेत फार फरक पडत नाही आणि चार्जरपाशी रांग असली तर जीव टांगणीला लागत नाही.

“जळगावला गेलो तेव्हा ठीक, येताना थंडीने बॅटरी उतरली”

छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण 570 मीटरवर आहे आणि जळगाव 210 च्या आसपास. जाताना आपण अजिंठ्याच्या डोंगररांगेवरून तापीच्या खोऱ्यात उतरतो, येताना तेवढंच चढतो. माणसांसह सतराशे किलोची गाडी साडेतीनशे मीटर वर न्यायची तर भौतिकशास्त्राच्या हिशेबाने दीड युनिटाहून जास्त ऊर्जा लागते. मोटरमधली घट धरली तर पावणेदोन-दोन युनिट. उतरताना यातली बरीचशी परत मिळते. म्हणजे जाण्या-येण्यात तीन युनिटांचा फरक नुसत्या उंचीने पडतो. सुमारे दीडशे किलोमीटरच्या प्रवासाला वीसेक युनिट लागत असतील, तर हा फरक पंधरा टक्क्यांच्या घरात जातो. लग्न आटोपून पहाटे जळगावहून निघालेला माणूस त्याचा दोष धुक्याला देतो. परतीसाठी जाण्यापेक्षा जास्त चार्ज ठेवा. मे महिन्यातही हाच नियम.

हीटर, घाट आणि रात्रीचं चार्जिंग

पेट्रोल गाडीचा हीटर इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर चालतो, इलेक्ट्रिक गाडीचा बॅटरीवर. म्हणून तो फुकट नाही, हे खरं. पण आपल्या थंडीत एकदा केबिन गरम झालं की तासाला सुमारे एक युनिट पुरतं, आणि नऊ वाजता ऊन आलं की तोही बंद करता येतो. अजिंठ्याच्या घाटात वाहतूक तुंबली तर गारठून जाऊ, ही भीतीही अशीच. उभी गाडी मोटरला वीज देत नाही. 45 युनिटांची बॅटरी निम्मी भरलेली असेल तर तासाला एक युनिट या हिशेबाने हीटर वीसेक तास चालेल.

थंडीत चार्जिंग केल्याने बॅटरी खराब होते, हे शून्याखाली खरं आहे. तिथे लिथियमचा थर साचू शकतो, म्हणून गाडीच चार्जिंग मंद करते. आपल्याकडे ती वेळ येत नाही. बॅटरीचं आयुष्य कमी करणारी गोष्ट वेगळी आहे: मे महिन्याच्या उन्हात शंभर टक्के भरून दिवसचे दिवस उभी केलेली गाडी. लांबच्या प्रवासाला आपला हिवाळा हाच उत्तम काळ. फक्त मुक्कामी पोचल्या पोचल्या, बॅटरी कोमट असतानाच, गाडी चार्जिंगला लावावी.

आणि इथेच खरी अडचण आहे. तिचा थंडीशी संबंध नाही. 15 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर आठ तासांत पंचवीसेक युनिट भरतात. अजिंठा लेण्यांजवळच्या फर्दापूरहून हर्सूलला परतायला तेवढी पुरेशी आहेत. पण अर्थिंग नीट नसेल तर गाडी वीज घ्यायलाच नकार देते, आणि पाहुणा रात्रभर वायर घेऊन खोल्या बदलत बसतो. सिल्लोड ते फर्दापूर पट्ट्यातल्या लॉज आणि हॉटेलवाल्यांना विनंती: पार्किंगमध्ये पक्क्या अर्थिंगचा एक पॉइंट आणि त्याला वेगळा मीटर बसवा, युनिटप्रमाणे पैसे घ्या. अजिंठा पाहायला येणारी माणसं मुक्कामालाही थांबतील.