एकोणतीस अंकांची संख्या आणि वीरसेनाचार्य

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६. ही एकोणतीस अंकी संख्या वाचताना जीभ अडखळते; परंतु आगमांच्या अभ्यासकांना ती अपरिचित नाही. अनुयोगद्वार सूत्रात मनुष्यांची किमान संख्या सांगताना तिचे वर्णन दोन प्रकारे येते. दोनाच्या पाचव्या वर्गाला सहाव्या वर्गाने गुणावे; किंवा जी शहाण्णव वेळा निःशेष निम्मी होते, ती संख्या घ्यावी.

ही दोन्ही वर्णने एकाच संख्येची कशी, हे पाहणे उद्बोधक आहे. दोनाचा पहिला वर्ग ४, त्याचा वर्ग १६, पुढे २५६, मग ६५,५३६ आणि पाचवा ४,२९,४९,६७,२९६. हा पाचवा वर्ग ३२ वेळा निम्मा केला असता एक उरतो. सहावा ६४ वेळा. म्हणून त्यांचा गुणाकार ३२ अधिक ६४, म्हणजे ९६ वेळा निम्मा होतो. या गणनेस धवला टीकेत ‘अर्धच्छेद’ म्हटले आहे. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे दोन्ही संख्यांच्या अर्धच्छेदांची बेरीज, हा नियम आजच्या लॉगरिदमचाच होय. युरोपात नेपियरचा लॉगरिदमवरील ग्रंथ १६१४ साली निघाला, धवला इ. स. ८१६ मध्ये पूर्ण झाली होती.

या संख्येला एकाखेरीज कोणत्याही विषम संख्येने पूर्ण भाग जात नाही. ती पूर्ण वर्ग आहे आणि पूर्ण घनही. पाचव्या वर्गाचा घन म्हणजेच ही संख्या.

परंतु खरा प्रश्न पुढेच आहे. षट्खंडागमानुसार मनुष्यसंख्या कोडाकोडाकोडीच्या वर आणि कोडाकोडाकोडाकोडीच्या खाली आहे. कोडी म्हणजे एक कोटी. तेव्हा वरची मर्यादा एकावर अठ्ठावीस शून्ये इतकी ठरते. तिचेही अंक एकोणतीसच. केवळ अंक मोजणाऱ्यास दोन्ही सारख्याच वाटतील. प्रत्यक्षात आपली संख्या त्या मर्यादेच्या जवळजवळ आठपट आहे.

हा विरोध वीरसेनाचार्यांनी झाकून ठेवला नाही. त्यांनी मनुष्यक्षेत्राचे, म्हणजे अडीच द्वीपांचे क्षेत्रफळ काढले आणि एवढे मनुष्य त्यात मावणे शक्य नाही, असे दाखवून ती मोठी संख्या अग्राह्य ठरविली. अन्य आचार्यांचे मत म्हणून त्यांनी ती नोंदविली, पण गणिताच्या कसोटीवर पारखून ती स्वीकारली मात्र नाही.

मूडबिद्रीच्या ताडपत्रांत जपलेली ही टीका डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाने १९३९ पासून अमरावतीहून प्रसिद्ध होऊ लागली, हे महाराष्ट्राचे भाग्य. श्रद्धेने वाचावे आणि हिशेबाने तपासावे, हा वीरसेनांचा वारसा त्या पानांतून आपल्या हाती आला आहे. स्वाध्यायाच्या वेळी मुलांच्या हाती कागद-पेन्सिल देऊन दोनाचे वर्ग मांडून पाहिले, तरी त्याची पहिली ओळख होईल.