साडेचार पौंडांपायी न झालेली लढत

मुष्टियुद्धाचे शौकीन एकत्र जमले की झालेल्या लढतींइतकीच न झालेल्या लढतींचीही चर्चा रंगते. त्यांतली एक लढत अमेरिकेतील लास व्हेगास शहरी जून २००६ मध्ये व्हावयाची होती. एका बाजूला अमेरिकेचा दिएगो कोरालेस, दुसऱ्या बाजूला मेक्सिकोचा होसे लुइस कास्तियो. दोघे ‘लाइटवेट’ गटातले. या गटाची कमाल मर्यादा १३५ पौंड, म्हणजे सुमारे ६१.२ किलोग्रॅम. आदल्या दिवशी वजने घेतली तेव्हा कास्तियो १३९.५ पौंड भरला. साडेचार पौंड जास्त! कोरालेसने लढण्यास नकार दिला आणि लढत रद्द झाली.

तुम्ही म्हणाल, साडेचार पौंड म्हणजे जेमतेम दोन किलो. दप्तराचे वजन याहून जास्त असते! शौकिनांतही असेच दोन तट पडले. एक तट म्हणे, एवढ्यासाठी लढत मोडायला नको होती. दुसरा म्हणे, कोरालेसने केले तेच योग्य. या वादाचा निवाडा करण्यापूर्वी आपण थोडे मागे जाऊ.

या दोघांची पहिली लढत ७ मे २००५ रोजी झाली. दहाव्या फेरीत कोरालेस दोनदा खाली कोसळला, दोन्ही वेळा उठला आणि त्याच फेरीत त्याने कास्तियोला हरविले. त्या वर्षातील सर्वोत्तम लढत म्हणून ती गाजली. दुसरी लढत ऑक्टोबर २००५ मध्ये ठरली. तेव्हाही कास्तियो साडेतीन पौंड जास्त भरला. पण कोरालेस लढण्यास तयार झाला आणि चौथ्याच फेरीत गारद झाला.

त्या वेळी काट्यापाशी एक चमत्कारिक प्रकार घडला होता. कास्तियोच्या गोटातील डॉक्टरने काट्याखाली हळूच पाय सरकविला होता! हे अधिकाऱ्यांच्या लक्षात आले. पण मुळात पाय लावून काय साधणार? काटा दाखवितो तो त्याच्यावर पडणारा दाब. उभ्या माणसाचा भार खालून आणखी कोणी उचलून धरला, तर तेवढा भार काट्याच्या वाट्याला येत नाही आणि आकडा उतरतो. घरच्या काट्यावर उभे राहा आणि शेजारच्या टेबलावर तळहात टेकून हलकेच दाबा. काही किलो पाहता पाहता नाहीसे होतील. तुम्ही मात्र होता तेवढेच असाल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १३५ पौंडांत साडेचार पौंड म्हणजे सुमारे सव्वातीन टक्के. ठोशाचा जोर हाताच्या वेगावर आणि त्यामागे असलेल्या वस्तुमानावर अवलंबून असतो. वेग तोच राहिला आणि हे सारे जादा वस्तुमान ठोशामागे आले असे मानले, तरी संवेग सव्वातीन टक्क्यांनीच वाढेल. म्हणजे पहिल्या तटाचे गणित चुकीचे नाही. चुकतो तो प्रश्न. ते दोन किलो किती आहेत हे त्यांनी पाहिले. ते कशाचे आहेत हे पाहिले नाही.

समजा, शेवटच्या दोन दिवसांत एखाद्या खेळाडूला दोन किलो उतरवायचे आहेत. चरबी घटवून ते जमेल काय? एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा साठलेली असते. दोन किलोंत १५,००० च्या वर. एरवीच्या माणसाची ही जवळजवळ सहा दिवसांची गरज. मग दोन दिवसांत उतरते ते काय? मुख्यतः पाणी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतका हा हिशेब सोपा आहे. म्हणून खेळाडू पाणी पिणे तोडतात, वाफेच्या खोलीत बसतात, प्लॅस्टिकचे कपडे घालून धावतात.

या प्लॅस्टिकच्या कपड्यांत खरी मेख आहे. घामाचे बाष्पीभवन होताना त्वचेतील उष्णता शोषली जाते, हे तुम्ही अप्रकट उष्णतेच्या पाठात शिकलात. प्लॅस्टिकखाली बाष्पीभवन जवळजवळ बंद पडते. घाम तर वाहतो, पण गारवा मिळत नाही. मग शरीर आणखी घाम सोडते. रक्तातील द्रव कमी होतो, तेवढ्याच रक्तपुरवठ्यासाठी हृदयाला अधिक वेगाने धडधडावे लागते आणि शरीराचे तापमान चढत जाते. अमेरिकेत नोव्हेंबर व डिसेंबर १९९७ मध्ये महाविद्यालयांतील तीन कुस्तीगीर अशाच खटपटीत मरण पावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत वाफेच्या खोल्या आणि असे कपडे यांवर बंदी आली. कोणी किती खाली उतरायचे हे ठरविताना मूत्राचे विशिष्ट गुरुत्वही तपासू लागले, ते १.०२० च्या वर असेल तर शरीरात पाणी कमी आहे असे समजत. तुमच्या प्रयोगशाळेतील विशिष्ट गुरुत्व असे कामाला आले!

व्यावसायिक मुष्टियुद्धात वजन आदल्या दिवशी घेतात. मधल्या वेळात खेळाडूने पाणी पिऊन सावरावे हा हेतू. पण सावरायला वेळ आहे म्हटल्यावर काही जण आणखी खाली उतरू लागले. शिवाय प्यालेले पाणी आणि क्षार पेशींपर्यंत पोचून सारे पूर्ववत होण्यास एक रात्र पुरतेच असे नाही.

आता कोरालेसच्या जागी उभे राहून पाहा. त्याने मर्यादा पाळली होती. कास्तियोने शेवटचे दोन किलो उतरविलेच नव्हते. म्हणजे ते उतरविताना शरीराला जी झीज सोसावी लागते ती त्याने सोसली नव्हती. दोघांतील फरक नुसता सव्वातीन टक्के वजनाचा नव्हता. माझ्या मते तरी नकार रास्त होता. ऑक्टोबरच्या पराभवाचे कारण मात्र वजनच, असे छातीठोकपणे सांगता येत नाही. नेमका बसलेला ठोसा कोणालाही पाडतो. तिसरी लढत झाली असती तर कदाचित काही कळले असते. पुढे त्याच वर्षी दुसऱ्या एका लढतीपूर्वी खुद्द कोरालेसही मर्यादेबाहेर भरला, आणि ७ मे २००७ रोजी मोटारसायकलच्या अपघातात त्याचा मृत्यू झाला.

आपल्याकडे काट्याची ही कठोरता सर्वांना कळली ती ७ ऑगस्ट २०२४ रोजी. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० किलो गटाच्या अंतिम कुस्तीपूर्वी विनेश फोगाट हिचे वजन १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती बाद ठरली. कुस्तीत स्पर्धेच्या दोन्ही दिवशी सकाळी वजन होते. पहिल्या दिवशी ती मर्यादेत होती. पण लढतींच्या मधे खाल्ले-प्यायलेले रात्रभरात पुन्हा उतरवायचे होते.

शंभर ग्रॅम म्हणजे किती, हे खेळाच्या तासाला पाहता येईल. १०० ग्रॅमपर्यंत वाचता येणारा काटा मिळवा. खेळण्यापूर्वी वजन करा. तासभर कबड्डी किंवा खो-खो खेळा. तहान लागेल तेव्हा पाणी जरूर प्या. फक्त ते मापून प्या. नंतर घाम पुसून, त्याच प्रकारचे कोरडे कपडे घालून पुन्हा वजन करा. आधी ४८.२ किलो, नंतर ४७.९ किलो आणि मधे अर्धा लिटर पाणी प्याला असाल, तर गेलेला घाम ३०० नव्हे, सुमारे ८०० ग्रॅम. वर्गातील दहा जणांचे आकडे फळ्यावर मांडा आणि उन्हातल्या तासाचे व सावलीतल्या तासाचे आकडे वेगळे ठेवा.