वजनाचं उद्यापन होत नाही

साताऱ्याच्या व्याख्यानानंतर श्रोत्यांमधून एक चिठ्ठी आली होती. वेळ संपल्यामुळे तिचं उत्तर तिथे देता आलं नाही, ते आज सांगलीत देतो. चिठ्ठीत लिहिलं होतं : ‘सात दिवसांत पाच किलो, एकवीस दिवसांत दहा किलो, अशी डाएट सगळीकडे चालली आहेत. कोणी नुसतं काकडी-ताकावर राहतं, कोणी कोबीच्या सूपवर, कोणी डब्यातली पावडर पितं. करून बघायला काय हरकत आहे? जमलं तर जमलं, नाही तर सोडून द्यायचं.’

आम्ही डॉक्टर नाही, तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी आहोत. आमच्या शास्त्रात उत्तराकडे धावण्याआधी प्रश्न नीट तपासायची सवय लावतात. ‘करून बघायला काय हरकत आहे’ हे वाक्य दिसायला निरुपद्रवी आहे, पण त्याच्या पोटात तीन गृहीतकं लपलेली आहेत. पहिलं, काट्यावर जे कमी दिसलं ते खरोखरच गेलं. दुसरं, गेलं ते नको असलेलंच गेलं. आणि तिसरं, सोडून दिलं की आपण होतो तिथेच परत येतो, म्हणजे प्रयोग फुकटचा. ही तिन्ही आता एकेक करून बघू.

पहिल्यासाठी गणित मांडू. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी ऊर्जा साठवलेली असते. पाच किलो चरबी सात दिवसांत घालवायची तर ३८,५०० कॅलरींची तूट हवी, म्हणजे रोजची साडेपाच हजार. मध्यम बांध्याचं, बेताची हालचाल करणारं माणूस दिवसाला खर्च करतं दोन हजारांच्या आसपास. त्याने सातही दिवस तोंडात कणही घातला नाही, तरी तूट होते १४,०००. म्हणजे चरबी पुरते दोन किलोसुद्धा नाही! मग काट्यावरचे पाच किलो येतात कुठून?

ते येतात पाण्यातून. आपलं यकृत आणि स्नायू साखरेचा एक साठा बाळगून असतात, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. तो चारपाचशे ग्रॅमचा असतो आणि दर ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं एकदम तोडलं की पहिल्या दोन-तीन दिवसांत हा साठा वापरला जातो आणि त्याच्याबरोबर ते पाणीही लघवीवाटे निघून जातं. मीठ कमी झालं की आणखी थोडं पाणी जातं. आतडी रिकामी होतात. काटा खाली येतो, माणूस खूश होतो. पुढे कधी तरी वरण-भात जेवला की साठा भरतो, पाणी परत येतं, आणि माणूस म्हणतो, ‘भात खाल्ला की माझं वजन लगेच वाढतं.’ बिचाऱ्या भाताचा त्यात काही दोष नसतो.

हे ज्ञान आपल्या भागात नवीन नाही, ते तालमीत फार आधीपासून आहे. सातारा-सांगली म्हणजे कुस्तीचा मुलूख. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलो गटात सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. त्याच ५७ किलोत २०२४ साली पॅरिसला अमन सेहरावतने कांस्य मिळवलं. उपांत्य लढतीनंतर त्याचं वजन भरलं साडेएकसष्ट किलो, आणि सकाळच्या वजनाआधी साधारण दहा तासांत त्याने ४.६ किलो उतरवलं. सराव, गरम पाण्याची अंघोळ, वाफ, ट्रेडमिल, रात्रभर झोप नाही. त्याच स्पर्धेत विनेश फोगाटने अंतिम फेरी गाठली होती. तिनेही रात्रभर हाच आटापिटा केला, केससुद्धा कापले, आणि सकाळी ५० किलोवर फक्त १०० ग्रॅम जास्त भरले म्हणून ती बाद झाली.

दहा तासांत साडेचार किलो! कोणत्याही जाहिरातीला लाजवील असा वेग. पण अमनला किंवा त्याच्या वस्तादांना विचारा, ‘तेवढी चरबी गेली का हो?’ ते हसतील. पैलवानाला पक्कं ठाऊक असतं की हे पाणी आहे, आणि वजन झाल्याबरोबर ते परत यावं हीच त्याची इच्छा असते. काट्यावर पाच मिनिटं उभं राहण्यापुरतं त्याला ते नको असतं. आपण घरी डाएट करतो तेव्हा पैलवानाचीच युक्ती वापरतो, पण समजतो की पाणी गेलं म्हणजे पोट गेलं. आणि ही युक्ती पैलवानालासुद्धा स्वस्त पडत नाही. १९९७ साली अमेरिकेत महिनाभराच्या आसपास तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवता उतरवता मरण पावले, त्यानंतर तिथले नियम बदलावे लागले.

आता दुसरं गृहीतक : गेलं ते नको असलेलंच गेलं. समजा डाएट सात दिवसांऐवजी सात आठवडे चाललं. मग चरबी जाते, हे खरं आहे. पण एकटी जात नाही, स्नायूंनाही बरोबर घेऊन जाते. खाणं जितकं कमी, त्यात प्रथिनं जितकी कमी आणि व्यायाम जितका कमी, तितका स्नायूंचा वाटा मोठा. काट्याला हा फरक कळत नाही. तो फक्त बेरीज सांगतो.

आपल्याला हा फरक जास्त महाग का पडतो, ते पुण्यात समजलं आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याभोवतालच्या गावांत वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की आपली माणसं अंगाने बारीक दिसतात, पण त्या मानाने त्यांच्यात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, आणि हे अगदी जन्मतःच दिसतं. २००४ साली त्यांनी आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापं प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक असतो, बीएमआय, तो दोघांचाही २२.३, बरोब्बर सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! काट्यावर दोघे सारखे, आत दोन वेगळी माणसं. ज्यांच्याकडे स्नायूंची पुंजी मुळातच थोडी, त्यांनी ती उपासमारीत उधळावी का? जेवणातली साखर मुख्यतः स्नायूच खपवतात. ते घटले तर मधुमेहाचीच वाट सोपी होते.

तिसरं गृहीतक सगळ्यांत लबाड आहे : सोडून दिलं की आपण होतो तिथे परत. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे तरुण स्वखुशीने आले होते. त्यांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १,५७० कॅलरी दिल्या. लक्षात घ्या, आजची कित्येक झटपट डाएट याहून कमी देतात. वजन चौथ्या हिश्शाने उतरलं. पण ही मुलं दिवसभर अन्नाचाच विचार करू लागली, पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, ताटं चाटू लागली, चिडचिडी आणि उदास झाली. नंतर भरपूर खायला मिळालं तेव्हा पोट भरलं तरी भूक भागेना, आणि चरबी पूर्वीपेक्षा जास्त चढली. ही मुलं मुळात सडपातळ होती, लठ्ठ नव्हती, हे सांगायला हवं. पण उपाशी शरीर काय करतं, ते त्यांनी दाखवून दिलं.

लठ्ठ माणसांचं काय, तर २०१६ साली एक अभ्यास आला. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतल्या १४ जणांचं सरासरी ५८ किलो वजन ३० आठवड्यांत उतरलं होतं. सहा वर्षांनी पाहिलं तर त्यातलं सरासरी ४१ किलो परत आलं होतं. वजन आलं, पण शरीराचा स्वस्थ बसल्याजागचा खर्च वर आला नाही. अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी तो कमीच राहिला होता. साधारण तीन भाकऱ्यांएवढा! म्हणजे पूर्वीइतकंच खाल्लं तरी आता ते जास्त. प्रयोग फुकटचा नव्हता, त्याची पावती सहा वर्षांनीही फाटत होती.

शिवाय रोख किंमत वेगळी. वजन फार वेगाने उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत नुसत्या द्रवरूप प्रथिनांवर राहण्याची लाट आली होती, तिच्यात हृदयाचे ठोके बिघडून कित्येक जण दगावले. आणि इथे बसलेल्या ज्यांना मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू आहे, त्यांना तर आम्ही हात जोडून सांगतो : औषध तेवढंच ठेवून जेवण बंद केलंत तर साखर इतकी उतरू शकते की शुद्ध हरपेल. रक्तदाबाची औषधं घेणारे, गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या बायका आणि वाढीच्या वयातली मुलंमुली यांनी असल्या वाटेला डॉक्टरांवाचून जाऊच नये.

एवढं ऐकून कुणी म्हणेल, म्हणजे हळूहळू कमी केलेलं वजन टिकतं आणि झटपट केलेलं परत येतं, हेच ना? नाही, तसंही सरळ नाही. विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. ऑस्ट्रेलियात २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाने १२ आठवड्यांत वजन उतरवलं, दुसऱ्याने ३६ आठवड्यांत. तीन वर्षांनी दोन्ही गटांचं सारखंच परत आलं होतं, उतरलेल्यापैकी सत्तर टक्क्यांच्या वर. आणि ब्रिटनमध्ये २०१७ साली मधुमेहाच्या रुग्णांना तीन ते पाच महिने दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरी दिल्या, तर वर्षाअखेर जवळजवळ निम्म्यांचा मधुमेह औषधाशिवाय आटोक्यात आला होता. तिथे मधुमेह आणि रक्तदाबाची औषधं डॉक्टरांनी सुरुवातीलाच थांबवली होती, आणि त्या तीन-पाच महिन्यांनंतर अन्न कसं परत सुरू करायचं, पुढे वजन कसं राखायचं, याची आखणी आधीच झालेली होती.

म्हणजे दोष एकट्या वेगाचा नाही. दोष आहे ‘नंतर’चा विचार न करण्याचा. आणि इथे आपली परंपरा आपल्याला एक फार उपयोगी शब्द देते : उद्यापन.

सोळा सोमवार केले की सतराव्या सोमवारी उद्यापन करायचं, व्रत सफळ संपूर्ण. व्रताला शेवट असतो, कारण त्याचा हेतू तिथे पुरा होतो. इथल्या जैन बांधवांचे पर्युषणातले उपवास घ्या, आपली एकादशी घ्या. त्यांत मनावरचा ताबा साधायचा असतो, कंबरेचा घेर नव्हे. आता वजनाकडे बघा. वजन म्हणजे रोजच्या खाण्याचा आणि रोजच्या कष्टाचा चालू हिशेब. या हिशेबाला शेवटची तारीख नाही. मग शेवटची तारीख असलेला उपाय त्याला पुरा पडेल कसा? एकवीस दिवसांच्या डाएटचं बाविसाव्या दिवशी उद्यापन होतं, आणि ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. काही वर्षांपूर्वी महाराष्ट्रात घरोघरी वाद झडले, डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात तसं दोनदाच जेवायचं, की दर दोन तासांनी थोडं थोडं? त्या वादात आम्ही पडत नाही. पण दोन्ही बाजू कायमच्या राहणीबद्दल बोलत होत्या, एवढी समज त्या वादात होती.

मग करायचं काय? जे उद्यापनाशिवाय चालेल ते. तालमीतला खुराक आठवा : दूध, तूप, बदामाची थंडाई. हजार जोर-बैठका मारणाऱ्याला तो शोभतो. तालीम सुटते आणि खुराक सुटत नाही, तेव्हा पैलवानाचं पोट सुटतं. आपल्या गावांचंही तेच झालं. औत जाऊन ट्रॅक्टर आला, शेतावर चालत जाणं जाऊन मोटारसायकल आली, ताट मात्र औताच्या दिवसांतलंच राहिलं, वर पाकिटातला फरसाण आला. म्हणून ताट उलटं मांडा : उसळ, आमटी, भाजी, ताक आधी आणि भरपूर, भाकरी-भात भुकेच्या मानाने, भडंग आणि कंदी पेढे सणावारी. स्नायू राखायचे तर चालण्याबरोबर थोडं वजन उचलायचं, चार बैठका मारायच्या, वय सत्तर असलं तरी.

साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात बोलायला भीती वाटते, पण एक हिशेब सांगतो. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेतला तर साधारण १६० कॅलरी होतात. ती साखर सुटली तर वर्षाला ५८,००० वाचतात, म्हणजे कागदावर सात-साडेसात किलो चरबी. प्रत्यक्षात शरीर जुळवून घेतं, त्यामुळे तेवढं उतरणार नाही, बरंच कमी उतरेल. पण जे उतरेल ते टिकेल, कारण बिनसाखरेचा चहा महिनाभराने अंगवळणी पडतो आणि त्याचं उद्यापन करावंसं कुणाला वाटत नाही.

तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्या मित्राला आमचं उत्तर असं : करून बघायला हरकत आहे. कोणतंही डाएट सुरू करण्याआधी स्वतःला एवढंच विचारा, पुढच्या वर्षीच्या आषाढी एकादशीलाही आपण असंच जेवत असू का? उत्तर ‘हो’ असेल, तर खुशाल करा. ‘छे, एवढे दिवस कोण करणार!’ असं मन म्हणालं, तर सुरूच करू नका. गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय की अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. वजनाचंही तेच आहे.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या पुढे पाठवा.