वाघळांची बिऱ्हाडे

तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लागतो, त्याच सुमारास घराच्या वळचणीतून आणि आवारातील वडावरून काळ्या सावल्या आकाशात झेपावू लागतात. चिमणीच्या घरट्याचे आम्हां सर्वांना कौतुक. वाघूळ घरात शिरले की मात्र अपशकुन समजून आम्ही केरसुणी उचलतो. गोव्याच्या या उबदार, दमट किनारपट्टीत वटवाघळांच्या अनेक जाती नांदतात आणि प्रत्येकीची बिऱ्हाड मांडण्याची रीत निराळी आहे. ती जाणून घेतली, तर मनातील भीती पुष्कळशी ओसरेल, असे आम्हांस वाटते.

वाघूळ पक्ष्यासारखे घरटे विणीत नाही. बहुधा आयत्या आसऱ्यावरच त्याचा संसार चालतो. सर्वांत मोठे ते फळखाऊ वाघूळ. याच्या पसरलेल्या पंखांची लांबी सुमारे चार फूट भरते. वड, पिंपळ, चिंच अशा उंच, जुन्या वृक्षांवर ही वाघळे शेकड्यांनी भरदिवसा उघड्यावर लोंबकळतात आणि एकच वृक्ष वर्षानुवर्षे सोडीत नाहीत. आखूड नाकाचे लहान फळखाऊ वाघूळ मात्र थोडी कारागिरी जाणते. भेरली माडाच्या लोंबत्या घोसातील मधले दोर नर दातांनी तोडतो, आत पोकळी करतो आणि तेथे माद्यांना आसरा देतो. तिसरे फळखाऊ वाघूळ गुहा, भुयारे व पडक्या इमारतींचा काळोख पसंत करते. जिभेने टिचक्या वाजवून, त्यांच्या प्रतिध्वनीवरून ते अंधारात वाट काढते.

किडे खाणाऱ्या जाती आकाराने लहान. कौलांच्या फटींत राहणारी पाकोळी तर अवघी चार-पाच ग्रॅम वजनाची असते. घोड्याच्या नालासारखे नाक असलेली वाघळे गुहांत राहतात. मोठ्या कानांचे एक वाघूळ पडक्या वाड्यांत वस्ती करून बेडूक, उंदीर, पाली टिपते. केशरी-काळ्या रंगाची एक सुंदर जात केळीच्या वाळक्या पानांत दडते. ते पान झडले असे समजून आपण ओढतो, तेव्हा कोणाचे घर मोडले याचा पत्ताही आपणांस नसतो.

आसरा गेला म्हणजे काय होऊ शकते, याचा विचार करावयाचा तर घाट चढून बेळगाव जिल्ह्यात जावे. खानापूर तालुक्यात, गोव्याच्या सीमेलगत तळेवाडीजवळ बारापेडे गुहा आहेत. तेथील एका वाघळाला 1913 साली ओल्डफील्ड टॉमस यांनी शास्त्रीय नाव दिले. मुंबई इलाख्यात वनाधिकारी असलेल्या राउटन यांचे नाव त्यात गोवलेले आहे. पुढे कित्येक दशके साऱ्या जगात या जातीचे ठाऊक असलेले ठिकाण हे एकच होते. मेघालयात व कंबोडियात ती फार उशिरा आढळली. त्या काळात कोणी या गुहांत धूर केला असता, तर!

1972 च्या वन्यजीव कायद्याने या जातीला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. परंतु त्याच कायद्याने फळखाऊ वाघळांना उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी ठरविले होते. 2022 च्या दुरुस्तीने ती उपद्रवी प्राण्यांची अनुसूचीच गेली. वस्तुतः वड-उंबरांच्या बिया दूरवर पोचविणारी ही वाघळे आहेत. दशमुळांतील टेटूची फुले रात्री उमलतात, त्यांचे परागणही वाघळेच करतात.

2018 साली केरळात कोझिकोडकडे निपाहची साथ आली, तेव्हापासून भीती वाढली आहे. सावधगिरी अवश्य बाळगावी: उष्टे फळ खाऊ नये, वाघूळ हाताने उचलू नये, चावल्यास तत्काळ डॉक्टरांकडे जावे. तथापि, वस्तीवर धूर वा दगड टाकल्याने रोग टळत नाही. बिथरलेली वाघळे फक्त इतस्ततः पांगतात.

मोठ्या फळखाऊ वाघळाची मादी वर्षाला एकच पिलू देते आणि बहुतेक जातींची हीच गत. उजाडलेली वस्ती म्हणूनच लवकर भरून येत नाही. आज कौले उतरून स्लॅब पडत आहेत, रस्त्यासाठी वड तोडले जात आहेत. वाचकांना आमची एवढीच विनंती की, कौले उतरविण्यापूर्वी फटींत पिले नाहीत ना, हे पाहावे. फेब्रुवारी ते मे या पिलांच्या दिवसांत मोठ्या वाघळांच्या वडाला हात लावू नये. आणि मुलांना गुहेत न्यावयाचे झाल्यास पलिते व आरडाओरडा बाहेरच ठेवावा.