हिंदकेसरी आंदळकर आणि आमचा तांबड्या शाईचा शेरा

शाळामास्तराच्या हातून जन्मभरात पुष्कळ चुका घडतात. त्यांपैकी फळ्यावरच्या चुका तास संपण्यापूर्वी पुसल्या जातात. वहीत तांबड्या शाईने केलेली चूक मात्र विद्यार्थ्याबरोबर त्याच्या घरी जाते आणि तेथेच राहते. अशीच एक चूक आमच्या हातून १९८३ साली परळ येथील एका शाळेत घडली, आणि ती पदरात घेण्यास आम्हांस पस्तीस वर्षे लागली. ज्या पुरुषासंबंधी ती घडली ते हिंदकेसरी गणपतराव आंदळकर आज हयात नाहीत. तथापि त्यांच्या कर्तृत्वाची ओळख आमच्याप्रमाणेच आमच्या पुष्कळ वाचकांसही नसावी, असे वाटल्यावरून हा लेख लिहिण्याचे योजिले आहे.

त्या वर्षीच्या जून महिन्यात कपिल देव यांच्या संघाने लंडन येथे क्रिकेटचा विश्वचषक जिंकला होता. आठवीच्या वर्गास आम्ही ‘माझा आवडता खेळाडू’ हा निबंध घातला, तेव्हा बहुतेक वह्यांत कपिल देव नाही तर सुनील गावस्कर निघणार हे ठरलेलेच होते. एकच वही निराळी निघाली. लालबागच्या एका गिरणी कामगाराच्या मुलाने गणपतराव आंदळकर नावाच्या पैलवानावर निबंध लिहिला होता. या पैलवानांनी एकाच आशियाई स्पर्धेत कुस्तीच्या दोन निरनिराळ्या प्रकारांत दोन पदके मिळविली, एक सुवर्णाचे व एक रौप्याचे, असे त्यात म्हटले होते. आम्ही ते नाव ऐकले नव्हते. मुलास उभे करून विचारले, “हे कोठे वाचलेस?” तो म्हणाला, “बाबांनी सांगितलं.” “बाबांनी सांगितले हा काही आधार नव्हे,” असे म्हणून आम्ही वहीवर ‘व्यक्ती अप्रसिद्ध, मजकूर अतिशयोक्त’ असा शेरा ओढला आणि दहापैकी तीन गुण दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाल्यापासून त्या मुलाचे वडील घरी बसून होते, ही गोष्ट आम्हांस ठाऊक होती. परंतु निबंध तपासताना ती आठवण्याचे काही कारण आम्हांस दिसले नाही.

आमच्या या वागण्याचे मूळ आमच्या घरच्या वळणात होते, हे कबूल केले पाहिजे. गिरगावातील आमच्या बिऱ्हाडी सूर्यनमस्कारास मान होता, मल्लखांबास होता. मल्लखांबाचे प्रवर्तक बाळंभटदादा देवधर हे आपल्यातले, हे वडील अभिमानाने सांगत. परंतु तांबड्या मातीची कुस्ती म्हणजे गावाकडच्या जत्रेचा प्रकार, असेच आम्हा मुलांच्या मनावर बिंबले होते. नाही म्हणावयास वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर होणाऱ्या दारासिंग आणि किंगकाँग यांच्या दंगलींच्या गोष्टी चाळीत सर्वतोमुखी होत्या. २९ मे १९६८ रोजी दारासिंगांनी मुंबईत अमेरिकेच्या लू थेझ यास हरविले, तेव्हा आमच्या मामांनी सबंध गॅलरीला ती हकीकत हातवारे करून सांगितल्याचे आम्हांस स्मरते. पैलवान म्हटला म्हणजे दारासिंग, इतकेच आमचे ज्ञान होते.

पुढे तोच विद्यार्थी शिकून नोकरीस लागला, संसारी झाला. आणि गणेशोत्सवात दर्शनास या म्हणून दरवर्षी आग्रहाने बोलावू लागला. २०१८ सालच्या उत्सवात, सोमवार दिनांक १७ सप्टेंबर रोजी आम्ही लालबागेस त्याच्या घरी गेलो. आदल्या दिवशी पुण्यास गणपतराव आंदळकर निवर्तले होते. चाळीच्या गॅलरीत सत्तरी-ऐंशीचे पाच-सहा म्हातारे वर्तमानपत्र मध्ये ठेवून बसले होते. कोणी शिराळ्याकडचा, कोणी वाळव्याचा, कोणी गडहिंग्लजचा. सारे जुने गिरणी कामगार. रस्त्यावर ढोलताशांचा गजर चालू होता आणि येथे मात्र घरातले माणूस गेल्यासारखी शांतता होती. विद्यार्थ्याच्या वडिलांनी आम्हांस बसावयास जागा करून दिली आणि म्हणाले, “मास्तर, आमचा पैलवान गेला.”

मग त्या वृद्धांच्या आठवणी निघाल्या. एकेका खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत, खाणावळीत जेवत आणि पगारातला मोठा भाग गावी धाडीत, अशा त्या दिवसांत पैलवानाचे नाव हाच त्यांचा गावाशी असलेला मोठा धागा होता. १९६२ साली जकार्ताची बातमी आली, तेव्हा वाचता येणारा एकच गडी खोलीत होता. रात्रपाळीहून आलेल्यांसाठी त्याने ती सकाळी वाचली आणि दिवसपाळीहून आलेल्यांसाठी संध्याकाळी पुन्हा वाचली. गूळ वाटला, कारण पेढ्यांस पैसे नव्हते. एक वृद्ध म्हणाले, “दारासिंगाला बघायला समदी मुंबई जायची. आंदळकरांचं नाव निघालं की आमचा तालुका उठून बसायचा.” दुसऱ्या एकास मात्र मारुती माने अधिक वाटत होते, आणि त्या दोघांत चांगलीच जुंपली. ती ऐकत असता आपण कोणत्या गोष्टीस ‘अतिशयोक्त’ म्हटले होते हे आमच्या ध्यानी येऊ लागले. घरी येऊन आम्ही खरे-खोटे पडताळून पाहिले. मुलाच्या निबंधातील एकही शब्द खोटा नव्हता.

गणपतराव आंदळकर यांचा जन्म १९३५ साली सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यात पुनवत या गावी झाला. कोल्हापुरास शाहू महाराजांनी कुस्तीस राजाश्रय दिला आणि १९१२ साली खासबागचे मैदान उभे राहिले. तेव्हापासून त्या भागातील होतकरू मुलाचे पाऊल कोल्हापूरच्या तालमीकडे वळावे हा परिपाठच पडला होता. त्याप्रमाणे आंदळकर मोतीबाग तालमीत दाखल झाले आणि वस्ताद बाबासाहेब वीर यांच्या हाताखाली तयार झाले. १९६० साली त्यांनी ‘हिंदकेसरी’ हा किताब मिळविला. हा किताब मातीवरचा. येथपर्यंतची त्यांची थोरवी कुस्तीशौकिनांस मान्यच आहे. परंतु त्यांचे खरे वैशिष्ट्य समजण्यास कुस्तीचे तीन प्रकार कसे भिन्न आहेत हे थोडे पाहिले पाहिजे.

आपली कुस्ती मातीची. तेल, ताक, हळद, लिंबू घालून कमावलेल्या मऊ मातीत ती होते. तेथे जुन्या रीतीने घड्याळ नाही, गुण नाहीत. प्रतिस्पर्धी चीत झाला, त्याची पाठ मातीस लागली, की कुस्ती संपली. दुसरा प्रकार फ्रीस्टाइल. तो गादीवरचा, त्यास वेळेचे बंधन, गुणांचा हिशेब आणि पंच. माती पायास धरून ठेवते, गादीवर चपळाई अधिक लागते. तरीही येथे पायांचे डाव चालतात. पट काढता येतो, टांग लावता येते. तिसरा प्रकार ग्रीको-रोमन. यात कमरेखाली हात लावणे निषिद्ध, आणि प्रतिस्पर्ध्यास पाडण्यासाठी स्वतःच्या पायाचा उपयोग करणेही निषिद्ध! सर्व कुस्ती छाती, खांदे, बाहू आणि कंबर यांच्या जोरावर. आता वाचकांनीच विचार करावा. ज्याने लहानपणापासून पट आणि टांग यांचा अभ्यास केला, त्यास ऐन लढतीत ‘पाय विसर’ असे सांगणे म्हणजे कीर्तनकारास ‘हात न हालविता, टाळ न वाजविता आख्यान रंगव’ असे सांगण्यासारखेच आहे.

१९६२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात जकार्ता येथे चौथी आशियाई स्पर्धा झाली. तेथे ९७ किलोंवरील गटात आंदळकर दोन्ही प्रकारांत उतरले. फ्रीस्टाइलमध्ये त्यांना रौप्यपदक मिळाले, आणि पाय बांधून ठेवणाऱ्या ग्रीको-रोमनमध्ये सुवर्णपदक! सांगली जिल्ह्यातीलच कवठेपिरानचे मारुती माने त्यांच्या खालच्या, म्हणजे ९७ किलोंच्या गटात होते. त्यांनी फ्रीस्टाइलचे सुवर्ण आणि ग्रीको-रोमनचे रौप्य मिळविले. म्हणजे एका जिल्ह्यातील दोन मल्लांनी दोन सुवर्ण व दोन रौप्य आणली. एकाचे सुवर्ण जेथे, तेथे दुसऱ्याचे रौप्य. लालबागच्या गॅलरीतील भांडण मिटवावयाचे तर ते येथेच मिटते. कारण आकड्यांनी दोघांस समसमान तोलले आहे. ग्रीको-रोमन प्रकार आपल्याकडे किती दुर्घट आहे हे यावरून दिसेल की, २०१० साली ग्वांगझू येथे भारतास त्यात कांस्यपदके मिळाल्यावर पुढचे आशियाई पदक, तेही कांस्य, येण्यास २०२३ चे हांगझौ उजाडावे लागले.

इतका पराक्रम करूनही हे नाव सुशिक्षित घरांत का पोहोचले नाही? एक कारण काळाचे. त्या स्पर्धेतील मिल्खासिंगांची धाव आणि फुटबॉलचे सुवर्ण यांची कीर्ती अगोदरच मोठी होती. शिवाय स्पर्धा संपून दोन महिने होण्यापूर्वीच, २० ऑक्टोबर १९६२ रोजी, चीनने आक्रमण केले आणि देशाचे सारे लक्ष सीमेकडे लागले. दुसरे कारण पडद्याचे. दारासिंगांना चित्रपट लाभला. त्यांचे रूप खेडोपाडी दिसले. त्यात दारासिंगांचा उणेपणा मुळीच नाही. परंतु तिसरे कारण आमचे, म्हणजे तुमचे आणि आमचे आहे. ही बातमी ज्यांच्या घरात जिवंत होती, त्यांच्याशी आमचे बोलणे नव्हते. परळहून गिरगाव किती लांब? तरी लालबागच्या खोलीत दोन वेळा वाचली गेलेली बातमी आमच्या बिऱ्हाडी कधी आली नाही, आणि एकवीस वर्षांनी एका तेरा वर्षांच्या मुलाने ती वहीत घालून आणली, तेव्हा आम्ही ती दारातूनच परत लावली.

विराटपर्वातील कथा वाचकांस आठवत असेल. भीमसेन बल्लव नावाने विराटाच्या स्वयंपाकघरात राहिला असता जीमूत नावाचा मल्ल सर्वांस आव्हान देऊ लागला. तेव्हा स्वयंपाक्याने आखाड्यात उतरून त्यास लोळविले, आणि राजसभा विस्मित झाली. तरी हा भीम, हे कोणी ओळखले नाही. ही कथा आम्ही वर्गात किती वेळा सांगितली असेल! राजसभेचे अज्ञान मुलांस समजावून सांगताना आपणही त्याच सभेत बसलो आहो, असे मात्र मनात आले नाही.

आणखीही एक गोष्ट टोचते. न्यायशास्त्रात प्रत्यक्ष, अनुमान, उपमान यांच्या जोडीस शब्द हे चौथे प्रमाण मानिले आहे. ज्यास वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगतो, अशा विश्वासू माणसाचे बोलणे हाच तो शब्द. हे आम्ही बालपणी शास्त्रीबोवांपाशी शिकलो. मग कुस्तीच्या बाबतीत एक जन्माचा कुस्तीशौकीन हा आप्त नव्हे तर कोण? त्या मुलाने प्रमाण दिले होते. आम्ही मात्र प्रमाण देणाऱ्याच्या अंगावरचा सदरा पाहिला.

आंदळकरांच्या उत्तरायुष्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. कारण शिक्षकाच्या दृष्टीने तोच भाग आम्हांस अधिक आदरणीय वाटतो. १९६४ साली टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. भारत सरकारने त्यांना अर्जुन पुरस्कार दिला. मारुती मान्यांना मात्र ध्यानचंद पुरस्कारासाठी २००५ सालापर्यंत थांबावे लागले. पुढे आंदळकर कोल्हापुरास वस्ताद म्हणून राहिले आणि आपण जे मिळविले ते त्यांनी पोरांच्या हवाली केले. १९७० व १९७१ या लागोपाठच्या दोन वर्षी महाराष्ट्रकेसरी झालेले आणि १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक मिळविणारे दादू चौगुले हे त्यांच्याच शिष्यांपैकी होत. स्वतः केसरी होणे कठीण खरे. पण त्यानंतर लंगोट बाजूस ठेवून दुसऱ्याचा डाव सुधारीत आखाड्याच्या कडेस उभे राहणे काही कमी कठीण नाही.

असो. त्या दिवशी निघताना आम्ही विद्यार्थ्यास म्हटले, “तुझ्या निबंधास आम्ही तीन गुण दिले होते.” तो हसून म्हणाला, “सर, तुमच्या लक्षात आहे? मला वाटलं, मलाच आहे.” त्याचे वडील मध्येच म्हणाले, “तवा पोरगं रडत आलं हुतं. म्या म्हटलं, मास्तर शिकल्यालं मानूस हाय, त्यांस्नी म्हाईत नसंल, तर त्यात त्यांचा काय दोस?” ते हे अगदी सरळ मनाने बोलले. आम्हांस मात्र त्यावर उत्तर सुचले नाही. वही केव्हाच रद्दीत गेली होती; ती असती तर शेरा खोडून गुण वाढविले असते.

आमची वाचकांस एवढीच विनंती आहे की, आपल्या घरातील किंवा शेजारचे मूल एखादे अपरिचित नाव घेऊन आले, तर प्रथम त्यास खाली बसवून ‘सांग बरे, कोण ते?’ असे विचारावे. आणि या सुटीत कोल्हापुरास अंबाबाईच्या दर्शनास जाणे झाले, तर तेथून जवळच असलेले खासबागचे मैदान मुलांस दाखवून आंदळकर आणि माने यांची ही जकार्ताची हकीकत तेथे उभे राहून सांगावी.