साखर कारखान्यांतील पोलादी नळ्यांचे क्षरण

भूगर्भातील वाफेपासून वीज निर्माण करण्याचा पहिला प्रयोग १९०४ साली इटलीतील लार्देरेल्लो येथे झाला. अशा केंद्रांतील पोलादी नळ्यांचे क्षरण हा पुढे धातुशास्त्राचा एक स्वतंत्र विषयच होऊन बसला. कारण जमिनीतून येणारी वाफ शुद्ध नसते, तिच्याबरोबर कार्बन डाय-ऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायू येतात. सातारा व सांगली जिल्ह्यांत असे वीजकेंद्र नाही. गरम पाण्याचे झरे आहेत तेही सह्याद्री उतरल्यावर, तुरळ-राजवाडीच्या बाजूस. परंतु अशुद्ध वाफ आणि पोलाद यांचा संबंध अभ्यासावयाचा तर कृष्णाकाठ सोडण्याचे कारण नाही. रेठरे बुद्रुक, साखराळे, सांगली अशा ठिकाणच्या साखर कारखान्यांत तो दर गाळप हंगामात पाहावयास मिळतो.

उसाचा ताजा रस अम्लीय असतो. त्याचे पीएच मूल्य ५ ते ५·५ च्या आसपास असते. चुन्याची निवळी व सल्फर डाय-ऑक्साइड यांची योजना करून ते ७ च्या जवळ आणले जाते. येथे पहिला धोका रसापासून नव्हे, तर गंधकाच्या भट्टीतील हवेपासून संभवतो. हवा दमट असल्यास सल्फर ट्राय-ऑक्साइड व पाणी यांच्या संयोगाने सल्फ्यूरिक अम्ल बनते आणि वायू थंड होताच ते नळीच्या आतील बाजूवर जमते. भट्टीकडे जाणारी हवा कळीच्या चुन्यावरून नेऊन कोरडी करण्याची पद्धत याचसाठी पडली.

रस आटविण्याच्या बहुपरिणामी संयंत्राची कल्पना नॉर्बर्ट रिलिए याची. त्याचे पहिले एकस्व १८४३ चे. पहिल्या पात्रात रसापासून निघालेली वाफ दुसऱ्या पात्रातील रस उकळविते, दुसऱ्यातील तिसऱ्यातील. इंधनाची बचत मोठी, परंतु दुसऱ्या पात्रापासून पुढे तापविणारी वाफ ही बॉयलरची शुद्ध वाफ नसून रसाची वाफ असते. बायकार्बोनेटांच्या विघटनातून निघालेला कार्बन डाय-ऑक्साइड, ॲसिटिक अम्लासारखी बाष्पनशील अम्ले, व रसातील अमाइडांपासून सुटणारा अमोनिया तिच्यात असतो. भूगर्भीय वाफेशी तिचे साम्य येथे दिसते. संघनन न होणारे हे वायू बाहेर काढणारी नळी तुंबली की ते वाफेच्या कक्षात वरच्या बाजूस साचतात आणि नळ्या बाहेरून, विशेषतः वरच्या टोकाशी, खाल्ल्या जातात. पूर्वी प्रचारात असलेल्या पितळी नळ्यांना अमोनिया घातक. पोलादाला कार्बनिक अम्ल अधिक. संघनित पाण्याच्या आडव्या नळीत हे अम्ल तळाशी लांबट चर पाडते.

याहून गंभीर गोष्ट बॉयलरमध्ये घडते. जोराच्या उकळीत रसाचे सूक्ष्म थेंब वाफेबरोबर उडतात व संघनित पाण्यात उतरतात. हे पाणी बॉयलरला दिले तर त्यातील साखरेचे उच्च तापमानास विघटन होऊन सेंद्रिय अम्ले निर्माण होतात. बॉयलरचे पाणी एरवी क्षारीय ठेवलेले असते, कारण पोलादाच्या पृष्ठावरील मॅग्नेटाइटचा पातळ काळा थर अशा पाण्यातच टिकतो. पीएच घसरताच हा थर विरघळतो आणि उघडे पडलेले लोखंड पाण्याशी क्रिया करू लागते. शिवाय विघटनातील कर्बयुक्त अवशेष नळीच्या आतून चिकटतो, उष्णता पाण्यापर्यंत पोहोचत नाही, नळी फुगते व अखेर फाटते. सहवीजनिर्मिती सुरू झाल्यापासून हा प्रश्न तीव्र झाला. २१ किलोग्रॅम दाबाच्या जुन्या बॉयलरमध्ये पाणी सुमारे २१५ अंश सेल्सिअसला उकळते, तर ६७ किलोग्रॅम दाबास सुमारे २८४ अंशांना; जुन्या बॉयलरने निभावून नेलेली अशुद्धता नव्यास सोसत नाही. प्रयोगशाळेतील परीक्षा मात्र साधी आहे. पाण्यात अल्फा-नॅफ्थॉलचे थेंब घालून परीक्षानळीच्या कडेने संहत सल्फ्यूरिक अम्ल सोडावे. साखर असल्यास दोन द्रवांच्या सीमेवर जांभळे कडे उमटते. ही परीक्षा पाळीगणिक एकदा करून भागत नाही, कारण रसाची उसळी काही मिनिटांची असते.

विरघळलेला ऑक्सिजन हे आणखी एक कारण. त्याने एकसारखी झीज न होता खोल खळगे पडतात. पाणी तापवून तो बहुतांशी काढतात व उरलेल्यासाठी सोडियम सल्फाइट वापरतात. एक भाग ऑक्सिजनास सुमारे आठ भाग सल्फाइट लागते.

नळ्यांवरील कठीण साका काढताना दाहक सोड्यानंतर हायड्रोक्लोरिक अम्ल वापरण्याचा प्रघात आहे. निरोधक द्रव्य मिसळल्यास साध्या पोलादाचे त्यापासून बऱ्यापैकी रक्षण होते. पितळेच्या जागी ३०४ जातीचे निष्कलंक पोलाद आले तेव्हा तो प्रघात बदलणे प्राप्त होते, कारण क्लोराइडाने या पोलादात खळगे व ताणाखाली तडे पडतात. महाग नळी घालून तिच्यावर जुनेच अम्ल ओतणे यात काटकसर कोठली? सल्फॅमिक अम्ल किंवा यांत्रिक ब्रश हे पर्याय त्यामुळे पुढे आले.

गाळप साधारणतः वसंत ऋतूत संपते आणि पुढचे कित्येक महिने, त्यांत सगळा पावसाळा आला, यंत्रे बंद राहतात. पुष्कळ नळ्या चालू असताना नव्हे तर या काळातच निकामी होतात. बगॅसची राख ओल धरते व नळीला बाहेरून पोखरते, म्हणून ती आधी झाडून काढावी लागते. बॉयलर एकतर पूर्ण कोरडा करून आत कळीच्या चुन्याचे थाळे ठेवून बंद करतात, किंवा सल्फाइटयुक्त क्षारीय पाण्याने काठोकाठ भरतात. अर्धवट भरलेला बॉयलर सर्वांत वाईट. त्यात पाण्याच्या रेषेलगत पडलेले खळगे नळ्या उघडल्यावर सरळ ओळीने दिसतात. चुन्याचे थाळेही पावसाळ्यात अधूनमधून पाहावे लागतात, कारण चुना विरून पीठ झाला की त्याची ओल शोषण्याची शक्ती संपते.